वंडरलाला जाताना नऊ जणांच्या जेवणाचा हिशोब

नंदगडच्या एका हायस्कूल शिक्षकांनी विचारलं आहे. दसऱ्याच्या सुट्टीत दोघे भाऊ, दोघांच्या बायका, सत्तरीची मधुमेहाची आई आणि १४, ११, ८ आणि ३ वर्षांची चार मुलं, असे नऊ जण गाडी करून बेंगळुरूच्या पुढे बिडदीजवळ असलेल्या वंडरला या राइड्सच्या पार्कला आणि तिथून म्हैसूरला जाणार आहेत. गेल्या वर्षी ते दुसऱ्या एका पार्कात गेले होते, तिथं तिकिटापेक्षा खाण्यापिण्याचाच चटका जास्त बसला. यंदा "घरच्या बायका सगळं करून घेतील" असं ठरलंय. पण ते आत न्यायचं कसं, बॅगेत तळाशी ठेवलं तर चालेल का, आणि आत काही घ्यावंच लागलं तर काय घ्यावं? शेवटी आणखी एक प्रश्न आहे. भाचा अमेरिकेत असतो, पुढच्या वर्षी ऑरलँडोचं डिस्ने दाखवतो म्हणतोय. तिथंही हीच गत होणार का?

सर, मी बेळगावच्या शहापुरातून सहली नेते, याला आता बावीस वर्षं झाली. त्याआधी लग्नकार्यातल्या स्वयंपाकाची कामं घेत होते, त्यामुळे माणसाला कधी आणि किती लागतं हे डोळ्याला आपोआप दिसतं. शाळांच्या, भिशीच्या बायकांच्या, चार घरं मिळून काढलेल्या अशा सगळ्या सहली मी पार्कांत नेल्या आहेत. परतीच्या बसमध्ये लोक खिशातली बिलं काढून बेरीज करत बसतात. त्या बेरजा बघून माझी एक गोष्ट पक्की झाली आहे. दुपारच्या जेवणाचा दर तुम्ही बघता, दोघे भाऊ बोलता, मग पैसे देता. तिथं फार बिघडत नाही. बिघडतं ते वेळ चुकलेल्या भुकेनं. चार वाजता पाण्यातून कुडकुडत निघालेलं पोर "आई, भूक" म्हणतं, तेव्हा दर कुणी विचारत नाही. समोरच्या काउंटरवर जे असेल ते घेतलं जातं, आणि एकाला घेतलं की नऊ जणांना. म्हणून मी कुणाला पदार्थ कमी करा म्हणत नाही, खायच्या वेळा बदला म्हणते.

एकदा वहीत मांडून बघा. हे आकडे हिशोब समजावा म्हणून धरलेत. तुम्ही जाल त्या दिवसाचे दर आधी फोनवर विचारून त्या जागी घाला. समजा बुफे मोठ्यांना ४००, मुलांना ३०० आणि धाकट्याला फुकट. तुम्ही पाच मोठे, चौदा वर्षांच्या थोरल्यालाही मोठ्यांतच धरतील, म्हणजे सहा जणांचे २४००. मधल्या दोघांचे ६००. वर ५ टक्के जीएसटीचे १५०. झाले ३१५०. आता जेवण सोडून जे होतं ते लिहा. पाण्याच्या बाटल्या दिवसात माणशी दोन, अठरा बाटल्या, तीसनं ५४०. आइस्क्रीम नऊ, ऐंशीनं ७२०. थंड पेय नऊ, साठनं ५४०. मुलांना पॉपकॉर्न चार, एकशेवीसनं ४८०. ही बेरीज २२८० येते, आणि यातलं कुणाच्या पोटात जेवण म्हणून काहीच गेलेलं नाही. त्यात निघताना "काहीतरी गरम खाऊया" म्हणून सगळ्यांना एकेक प्लेट धरली की हा दुसरा आकडा जेवणाच्या वर जातो. हा दुसरा आकडा निम्म्याच्या खाली आणता येतो, तोही कुणाला उपाशी न ठेवता.

आधी बॅगेच्या तळाचं. तसं करू नका. वंडरलात आणि आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या पार्कांत बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, आणि गेटवर बॅगा उघडून बघतात. काही वर्षांपूर्वी एका पार्कच्या गेटवर आमच्या बसमधल्या एका आजींच्या पिशवीत कापडाखाली बेसनाच्या लाडवांचा डबा निघाला. सुरक्षारक्षकानं सगळ्यांसमोर तो वर धरला आणि इथंच ठेवा म्हणाला. आजी काही बोलल्या नाहीत. पण बाजूला उभा असलेला सातवीतला नातू दिवसभर कुठल्याही राइडमध्ये बसला नाही. लाडू होते शंभर-दीडशे रुपयांचे. तेव्हापासून माझ्या सहलीत गेटच्या आत जाणारी प्रत्येक वस्तू उघड असते.

हा नियम त्यांना करता येतो का, असंही बरेच जण विचारतात. पार्कांबद्दल थेट नाही, पण सिनेमागृहांबद्दल सर्वोच्च न्यायालयानं ३ जानेवारी २०२३ रोजी जम्मू-काश्मीरच्या एका प्रकरणात सांगितलं आहे. बाहेरचं खाणं आणू नका असं जागेचा मालक म्हणू शकतो. मात्र प्यायचं स्वच्छ पाणी फुकट मिळालं पाहिजे, आणि तान्ह्या मुलासाठी आईबापांनी माफक खाणं आणलं तर अडवता येणार नाही. पार्कवाल्यांचे नियमही बहुतेक याच धर्तीचे असतात. बाळाचं खाणं आणि आजाऱ्याचं खाणं दाखवून आत जातं. तुमचा धाकटा तीन वर्षांचा आहे. त्याच्यासाठी नाचणीचं सत्त्व किंवा दुधाची पावडर एका वेगळ्या पारदर्शक पिशवीत ठेवा आणि गेटवर स्वतःहून उघडून दाखवा. आईंचं पुढं सांगते.

आता "घरच्या बायका सगळं करून घेतील" या वाक्याकडे येते, कारण ते वाचून मी थांबले होते. सर, हे मी माझ्या स्वयंपाकाच्या दिवसांपासून बघत आले आहे. घरची ट्रिप ठरते, आणि तीन दिवस आधीपासून दोघी जावा तळणात, लाटण्यात. निघायच्या रात्री बारापर्यंत डबे भरतात, पहाटे चारला उठतात, आणि पार्कात पोचल्यावर बाकावर बसून राहतात, कारण पाय उचलत नाहीत. तिकीट मात्र त्यांचंही पूर्ण भरलेलं असतं. खाण्याचे दोन हजार वाचले आणि दोन बायकांची सुट्टी गेली, हा हिशोब मला मान्य नाही. तुम्ही बुत्ती, म्हणजे वाटेची शिदोरी, जरूर घ्या, पण विकत करून घ्या. बेळगावात, खानापुरात, धारवाडात दशमी, पोळ्या, कडक भाकरी, चटण्या करून देणारे महिलांचे गट आहेत, गल्लीगल्लीत घरगुती करणाऱ्या बायका आहेत. आठ दिवस आधी सांगितलं की निघायच्या आदल्या संध्याकाळी मिळतं. पैसे जातात, पण कष्टाच्या मोबदल्याचे जातात, आणि पार्कातल्या एका आइस्क्रीमच्या फेरीपेक्षा कमीच जातात.

बुत्ती म्हणजे काय हे आपल्या भागात शिकवायला लागत नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माला बैलगाडीनं जाणारी माणसं चार-चार दिवसांचं बांधून न्यायची, आजही पौर्णिमेला डोंगरावर तीन दगडांच्या चुली मांडलेल्या दिसतात. पार्कात चूल नाही मांडता येत, एवढाच फरक. तिथली अक्कल मात्र तशीच उपयोगी पडते. ओलं न्यायचं नाही, कोरडं न्यायचं. भात, रस्सा, बटाट्याची भाजी, ओल्या खोबऱ्याची चटणी यातलं काहीही गाडीत ठेवू नका. शिजवलेलं ओलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि बंद गाडी उन्हात तापते तिथं तासभरसुद्धा जास्त. आंबलेला दहीभात खाऊन निम्मी बस हिरियूरला थांबवावी लागली, असा एक प्रवास माझ्याही वाट्याला आला आहे. त्या दिवशी औषधाला जे गेलं त्यात दोन जेवणं झाली असती.

दशमीची कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवलेली असते, म्हणून ती मऊ राहते आणि दोन दिवस चांगली टिकते. एक किलो कणकेच्या साधारण पंचवीस होतात. मोठ्याला तीन, मुलाला दोन धरून तुमच्या घराला एका वेळेला एक किलो बास. तुम्हाला दोन वेळा लागणार आहे, एकदा जाताना वाटेत आणि एकदा पार्कातून बाहेर पडल्यावर, म्हणून दोन किलोच्या सांगा. निम्म्या गुळाच्या, निम्म्या तिखटमिठाच्या. परतीसाठी ज्वारीच्या कडक भाकऱ्या घ्या, त्यांना काही होत नाही. सोबत शेंगांची चटणी, कारळाची चटणी, आणि भडंग. चुरमुरे वजनाला हलके, म्हणून अर्धा किलोचं भडंगसुद्धा डबा भरून होतं आणि नऊ जणांना दोन संध्याकाळी पुरतं. गोड म्हणून करदंट किंवा आलेपाक घ्या. कुंदा घेतलाच तर पहिल्याच दिवशी संपवा, तो दुधाचा आहे.

नंदगडहून तुम्ही हल्याळवरून धारवाडला हायवेला लागाल. बेंगळुरू जवळजवळ पाचशे किलोमीटर पडतं, म्हणून त्याच दिवशी पार्क करायचा विचारही करू नका. रात्रभर गाडीत बसून सकाळी थेट पार्कात गेलेली मुलं दुपारी एक वाजता थकतात. मग बसून खाणं हाच त्यांचा खेळ होतो. पहाटे पाचला निघा. नाश्ता दावणगेरेला करा, बेण्णे दोश्याला. लोण्याचा तो डोसा, बटाट्याचं पल्य म्हणजे भाजी आणि खोबऱ्याची चटणी, मुलं एवढ्यासाठीच ही वाट लक्षात ठेवतात. शहरात आत शिरावं लागतं, अर्धा तास जातो, तो जाऊ द्या. दुपारी चित्रदुर्गाच्या पुढे सावली बघून गाडी लावा आणि पहिल्या किलोच्या दशम्या काढा. रस्त्यावरून फक्त दही घ्यायचं. हायवेवरच्या मोठ्या फूडकोर्टात गाडी थांबली की तिथंही पार्काचेच दर लागतात, ते टाळायचं. रात्रीचा मुक्काम बेंगळुरूत आत न घेता म्हैसूर रोडच्या बाजूला, केंगेरी-बिडदीकडे घ्या. सकाळी गावातल्या गर्दीतून निघायला लागत नाही.

त्या सकाळी काय खाता त्यावर पुढचा सगळा दिवस उभा आहे. वंडरला म्हैसूर रोडवर बेंगळुरूपासून २८ किलोमीटरवर आहे, आणि तिथून थोडं पुढे गेलं की बिडदी. बिडदी तट्टे इडलीसाठी प्रसिद्ध. तट्टे म्हणजे कन्नडमध्ये ताट, इडलीही ताटलीएवढी, वर लोण्याचा गोळा, सोबत चटणी आणि हवा असेल तर वडा. नवीन एक्सप्रेसवे बिडदी गावाला बगल देऊन जातो, म्हणून जुन्या रस्त्यानं जा, नाहीतर दुकानं बाजूला राहतील. साडेआठ-नऊला बसा आणि घाई करू नका. मोठ्यांनी दोन-दोन इडल्या खाव्यात, मुलांना एक पुरते. पार्काचं गेट साधारण अकराला उघडतं. मध्ये दीड-दोन तास मिळतात, तेवढ्यात पोट जरा उतरतं. भरल्या पोटी उलटसुलट फिरणाऱ्या राइडमध्ये बसलं की पहिल्या तासातच उलटी होते, आणि उलटी झालेलं मूल नंतर दिवसभर फक्त थंड पेय मागतं. हे अंतर ठेवाच.

आत गेल्यावर बहुतेक लोक आधी पाण्याकडे पळतात. तुम्ही तसं करू नका. थंड पाण्यात दोन तास खेळलं की भूक खणून काढल्यासारखी येते. पाणी सकाळी केलं तर एक वाजता आणि परत चारला, अशा दोन मोठ्या भुका लागतात. मी असं करते: अकरा ते दीड कोरड्या मोठ्या राइड्स, कारण तेव्हा तिथल्या रांगा लहान असतात. बाकी जग एकला जेवायला बसतं, आम्ही पाण्यात उतरतो. अडीच-तीनला बाहेर, कोरडे कपडे, आणि मग जेवण, आत घेतलेलं, पोटभर आणि एकदाच. नऊची इडली तीनपर्यंत मोठ्यांना आणि थोरल्या दोघांना सहज नेते. तेव्हा काउंटरही रिकामे असतात, वाढणारा माणूस निवांत असतो, बसायला जागा मिळते. ज्या चारच्या भुकेनं गेल्या वर्षी तुमचा खिसा रिकामा केला, ती भूक आता जेवणावरच भागलेली असते. आठ वर्षांच्या मुलाला आणि धाकट्याला मात्र तीनपर्यंत ताणू नका. त्यांना साडेबाराला एक प्लेट इडली किंवा पुलाव दोघांत घ्या, त्यांची एक आई सोबत बसेल. तीनच्या पंगतीत ते मोठ्यांच्या ताटातलं चार घास खातात. त्यांचा वेगळा बुफे भरायचा नाही.

बुफे की प्लेट? खाणाऱ्या माणसावर ठरवा. चौदा वर्षांचा मुलगा आणि तुम्ही दोघे भाऊ बुफेत पैसे वसूल कराल. आई आणि लहान मुलं करणार नाहीत. सगळ्यांचा बुफे एकदम घेतला की हिशोब सोपा होतो, पण निम्म्या लोकांचे पैसे ताटात राहतात. तिकिटाबरोबर जेवणाचं कुपन विकतात, त्यात नेमकं काय आहे ते वाचा. थंड पेय, आइस्क्रीम असं घालून आकडा मोठा दाखवलेला असतो. त्यातलं तुम्ही एरवी घेतलं असतं का, एवढंच स्वतःला विचारा. जेवणाचाच दर कमी पडत असेल तर घ्या. आमच्या चाळीस मुलांच्या शाळेच्या सहलींना ते परवडतं. नऊ जणांच्या घराला क्वचित परवडलेलं मी बघितलं आहे.

बिलावर दोन गोष्टी बघायच्या. रेस्टॉरंटचा जीएसटी ५ टक्के असतो, तो द्यावा लागतो. पण सेवा शुल्क म्हणून आपोआप लावलेली रक्कम द्यायलाच पाहिजे असं नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयानं ती उचलून धरली. शांतपणे "हे काढा" म्हणायचं. काढत नसतील तर १९१५ ही ग्राहकांची हेल्पलाइन आहे. सीलबंद वस्तूंचं थोडं वेगळं आहे. टेबलावर बसवून वाढणाऱ्या ठिकाणी पाण्याच्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त घेता येतात, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये म्हटलं आहे. म्हणून पाण्याची बाटली टेबलावर मागवूच नका. रिकाम्या स्टीलच्या बाटल्या न्या, माणशी एक. मोठ्या पार्कांत प्यायच्या पाण्याचे नळ असतात. आत गेल्या गेल्या पहिलं काम ते शोधायचं, राइड नंतर. एकावर जबाबदारी द्या, म्हणजे तासातासाला बाटल्या भरल्या जातील. चौदाच्या मुलाला हे काम आवडतं. उन्हात मुलं गळाली तर थंड पेय घेऊ नका. एक लिटर पाण्यात चहाच्या चमच्यानं सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, एवढ्यानं भागतं. साखर-मिठाची पुडी घरूनच मोजून बांधा आणि औषधांच्या पिशवीत ठेवा. गेटवर ती पिशवीही उघडून दाखवायची.

मुलांच्या आइस्क्रीमवर सगळ्यात जास्त भांडणं होतात, आणि ती मी एका युक्तीनं मिटवली आहे. गेटच्या आत शिरताना प्रत्येक मुलाच्या हातात ठरलेली रक्कम द्यायची. दीडशे म्हणा, दोनशे म्हणा, तुमच्या ऐपतीप्रमाणे. ती त्याची. आइस्क्रीम घे, पॉपकॉर्न घे, काही घेऊ नको. उरले तर तुझेच, संपले तर परत मागायचं नाही. सर, तुम्ही वर्गात रोज मुलं बघता, तुम्हाला हे सांगायला नको. दुसऱ्याच्या खिशातून येणारं आइस्क्रीम मुलाला पाच वेळा हवं असतं, स्वतःच्या खिशातलं एकदाच. खानापूरच्या एका शाळेची मुलं नेली होती, त्यातल्या एका मुलीनं दिवसभर काही घेतलं नाही आणि निघताना त्या पैशांतून लहान भावाला कीचेन घेतली. तिला कुणी शिकवलं नव्हतं. मोठ्यांनीही तसंच पाकीट ठरवावं. चहाच्या तिसऱ्या फेऱ्या मोठ्यांच्याच असतात.

आईंना तीनपर्यंत उपाशी ठेवायचं नाही, हे बाकी सगळ्याच्या वर. मधुमेहाच्या माणसाला जेवणाची वेळ चुकवून चालत नाही, इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर अजिबात नाही. त्यांचं ताट साडेबाराला, लहान मुलांबरोबर. डॉक्टरांची चिठ्ठी आणि औषधांचा कागद सोबत ठेवा, त्यावर त्यांचं खाणं आत न्यायला सहसा अडवत नाहीत. त्यात दोन-तीन कडक भाकऱ्या, फुटाणे, एक पुडी साखर. घाम सुटला, हात थरथरले, बोलणं अडखळलं, तर रक्तातली साखर मोजत बसू नका, चहाच्या चमच्यानं तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्या. पंधरा मिनिटांनी परत तपासा. मशीन असेल तर आकडा ७० च्या वर आला पाहिजे. आणि त्या दिवशी त्यांचं चालणं रोजच्या तिप्पट होणार आहे, त्या हिशोबानं औषधात काही बदल करायचा का, हे निघायच्या आधी डॉक्टरांना विचारा. अशा खाण्यात काटकसर करू नका. आईंना जे हवं ते घ्या, दर बघू नका.

सहाच्या सुमारास बाहेर या. एकदा बाहेर पडलं की बहुतेक ठिकाणी परत आत घेत नाहीत, म्हणून सगळं उरकूनच. गाडीजवळ चटई टाका आणि दुसऱ्या किलोच्या दशम्या, चटणी, भडंग काढा. निघायच्या आधी आतल्या काउंटरसमोर "शेवटचं काहीतरी" म्हणून मुलं थांबतात, तेव्हा गाडीत भडंग आहे एवढं सांगितलं की पाय उचलतात. माझ्या बसमध्ये तर मुलं विचारतात, "अक्का, भडंग आहे ना?" रात्री मुक्कामी परत जेवण लागत नाही, ग्लासभर दूध पुरतं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, तरी सांगते. आपल्याकडे कर्नाटकातल्या शाळांना दसऱ्याची सुट्टी मोठी, पलीकडे कोल्हापूर-सांगलीला दिवाळीची. दसऱ्यात निम्मं कर्नाटक बेंगळुरू-म्हैसूरला असतं, म्हैसूरची जंबू सवारी, म्हणजे हत्तींची मिरवणूक, तीही त्याच दिवसांत. रांगा लांब, काउंटरवर गर्दी, लॉजचे दर चढे. त्याच दिवसांत खोपोलीचं इमॅजिका पार्क आठवड्याच्या मधल्या वारी बरंच निवांत असतं, कारण महाराष्ट्रातल्या शाळा चालू असतात. अजून बुकिंग केलं नसेल तर विचार करा. निपाणी, कोल्हापूर, साताऱ्यावरून पुण्याला मुक्काम, आणि सकाळी पुण्यात भरपेट नाश्ता करून घाट उतरायचा. वेळा त्याच ठेवायच्या. म्हैसूरच ठरलं असेल तर निदान रविवार आणि विजयादशमीच्या मागचेपुढचे दोन दिवस टाळा.

ऑरलँडोचं आता. तिथलं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १९७१ मध्ये सुरू झालं, आणि खाण्याच्या बाबतीत ते आपल्या पार्कांपेक्षा सैल आहे. बाहेरचं खाणं आत नेता येतं, काचेची भांडी आणि दारू मात्र नाही. झटपट खाण्याच्या काउंटरवर मागितलं की बर्फाच्या पाण्याचा पेला फुकट देतात, त्यामुळे पाण्याचा प्रश्न मिटला. म्हणजे जी बुत्ती इथं गाडीत ठेवायला लागते ती तिथं पाठीवरच्या पिशवीत जाते. सगळीकडे असं नाही बरं का, सिंगापूरच्या युनिव्हर्सलला बाहेरचं खाणं चालत नाही. डिस्नेत पैसे जातात ते बसून जेवायच्या ठिकाणी, विशेषतः जिथं कार्टूनची पात्रं टेबलाजवळ येतात. तिथं मेनूतल्या दरावर कर आणि १८ ते २० टक्के टिप धरायची. असं एक जेवण मुलांसाठी अख्ख्या सहलीत एकदा करा, आठवण राहते. तीन ते नऊ वर्षांपर्यंत मुलांचा दर, दहापासून मोठ्यांचा. तुमचा आठ वर्षांचा मुलगा पुढच्या वर्षी नऊचा होईल, म्हणजे त्याच्यासाठी ते शेवटचं वर्ष. मुहूर्त काढताना त्याचा वाढदिवस बघा.

भाच्याला सांगा, खोली छोट्या स्वयंपाकघराची बघ, फ्रिज आणि गॅस असलेली. इथून जाताना ताजी फळं, भाज्या, मांस न्यायचं नाही, आणि जे काही खाणं नेताय ते विमानतळावर अधिकाऱ्याला उघड सांगायचं. पोहे, कणीक, डाळी तिथल्या भारतीय दुकानात मिळतात, ओझं वाहू नका. चटण्या मात्र इथूनच करून घ्या, कोरड्या, दोन पिशव्यांत घट्ट बांधून. शेंगांची जास्त घ्या, कारळाची थोडी कमी. भाच्यासाठी एक डबा वेगळा ठेवा, नाहीतर तुमचा पहिल्या दिवशीच संपेल.